मदत हवी आहे: लिनिसच्या सूचना लावल्या, आता डॉकर उठत नाही

महापेकर
क्लायंटला उद्या संध्याकाळपर्यंत लिनिसचा (सर्व्हरची सुरक्षा तपासून सूचना देणारं टूल) हार्डनिंग इंडेक्स, म्हणजे त्याचे गुण, ८० च्या वर दाखवायचाय. ६३ होता, ७८ वर आणला. रीबूट केल्यापासून डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) उठत नाही आणि ऑफिसातून डेटाबेसही लागत नाही. काय मागे घ्यायचं तेवढं पटकन सांगा. रीइन्स्टॉल सुचवू नका.

घोडबंदर_रूट
डिस्ट्रो कोणती? नेमक्या कोणत्या सूचना लावल्या? डॉकरच्या लॉगमधली एरर टाका.

महापेकर
उबुंटू २२.०४. सूचना जवळपास सगळ्याच. आयपीटेबल्सचं (लिनक्सची फायरवॉल) नॅट टेबल नाही म्हणतोय. मॉडप्रोबनं कर्नेलचं मॉड्यूल हातानं लोड केलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड', रूट असूनही.

पारसिक_टेकडी
लिनिस नुसता अहवाल देतो, दुरुस्ती करत नाही. ओपनस्कॅप हे दुसरं तपासणी टूल घ्या, सीआयएस प्रोफाइल (सुरक्षा सेटिंग्जची तयार नियमावली) निवडा, दुरुस्तीची स्क्रिप्टही तोच बनवून देतो.

घोडबंदर_रूट
@पारसिक_टेकडी ती स्क्रिप्ट न वाचता चालवली तरी सर्व्हर असाच बसतो. आधी हे सुटू दे.

@महापेकर लिनिसच्या केआरएनएल-६००० या कर्नेल सेटिंग्जच्या टेस्टमधून 'कर्नेल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड = १' घेतलंय तुम्ही. ही सेटिंग एकदा १ झाली की चालू कर्नेलमध्ये परत ० होत नाही, रूटलाही नाही. सिसकंट्रोल, म्हणजे कर्नेलच्या सेटिंग्ज, बूटच्या सुरुवातीलाच लागू होतं, त्यामुळे डॉकरला लागणारी नॅट, ओव्हरले, व्हेथ ही मॉड्यूल्स नंतर लोडच होत नाहीत. 'सिसकंट्रोल.डी' फोल्डरमधल्या तुमच्या फाइलमधून ती ओळ काढा आणि रीबूट करा. त्याआधी होस्टिंगवाल्याचा कन्सोल उघडून ठेवा; नेटवर्क कार्डाचं मॉड्यूल अडकलं तर एसएसएच लागणार नाही.

त्याच फाइलमध्ये आयपीव्ही४ चं फॉरवर्डिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पुढे पाठवणं) ० केलं असेल तर तेही काढा. डॉकर सुरू होताना स्वतः ते १ करतो, पण नंतर कुणी 'सिसकंट्रोल --सिस्टम' चालवलं की पुन्हा ० होतं आणि कंटेनरचं बाहेरचं नेट जातं. मग कारण शोधत बसावं लागतं.

कळवा_शेल
डेटाबेसला थेट पोर्टवरून जाता की एसएसएच टनेलनं (एसएसएचच्या कनेक्शनमधून)?

महापेकर
टनेलनंच. पोर्ट उघडा कोण ठेवतो?

कळवा_शेल
मग लिनिसच्या एसएसएच-७४०८ टेस्टची सूचना अडवतेय: 'अलाउ टीसीपी फॉरवर्डिंग नो', यानं टनेल बंद होतं. ती फक्त तुमच्या टनेलच्या युजरसाठी 'मॅच युजर' ब्लॉकमध्ये 'लोकल' करा आणि 'परमिट ओपन'मध्ये डेटाबेसचा होस्ट व पोर्ट द्या. बाकी सगळ्यांना 'नो' राहू दे. 'एसएसएचडी -टी'नं फाइल तपासा, मगच रीस्टार्ट. जुनं सेशन बंद करू नका.

विटावा_७०८
सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना ६ तासांत कळवावी लागते. जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची सेटिंग बघितली का?

घोडबंदर_रूट
बरोबर आहे, पण प्रश्न तो नाही.

महापेकर
डॉकर उठला, टनेलही लागलं. पण इंडेक्स ७६. वर कसा न्यायचा?

पारसिक_टेकडी
लिनिसच्या प्रोफाइल फाइलमध्ये स्किप-टेस्ट टाकून नको त्या टेस्ट वगळा, वगळलेल्या टेस्टचे गुण मोजलेच जात नाहीत.

कळवा_शेल
असं करू नका. क्लायंटनं ती प्रोफाइल फाइल (कस्टम प्रोफाइल) मागितली की लगेच दिसेल. ऑडिटडी (सिस्टमवरच्या घडामोडींची नोंद ठेवणारं) टाकून नियम भरा, डेबसम्स (पॅकेजच्या फाइली बदलल्या का ते तपासणारं) टाका, डीसीसीपी, आरडीएस, टीआयपीसी हे क्वचित लागणारे नेटवर्क प्रोटोकॉल ब्लॅकलिस्ट करा. एससीटीपीही, पण टेलिकॉम सिग्नलिंगचं काम त्या मशीनवर नसेल तरच. सिसकंट्रोलमध्ये 'केपीटीआर_रिस्ट्रिक्ट' २ आणि 'डीमेसेज_रिस्ट्रिक्ट' १ करा, यानं डॉकरला धक्का लागत नाही. उमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ०२७ करणार असाल तर डिप्लॉयनंतर एन्जिनएक्स वेब सर्व्हरला फाइली वाचता येतात का ते बघा, ४०३ (परवानगी नाही) ही एरर तिथूनच येते.

प्रत्येक बदलानंतर लिनिस पुन्हा चालवा आणि 'लिनिस शो डिटेल्स'ला टेस्टचा आयडी देऊन निकाल बघा. सगळं एकदम लावून रीबूट नको.

घोडबंदर_रूट
आणि इंडेक्स म्हणजे सुरक्षेची टक्केवारी नव्हे, हे क्लायंटला लेखी कळवा. मॉड्यूल्स आणि फॉरवर्डिंग या दोन सूचना डॉकरमुळे लावता येत नाहीत, हे अहवालात कारणासह लिहा. ऑडिटरला तेच लागतं.

महापेकर
ऑडिटडीचे नियम कुठले घेऊ? रिकामे असले तर चालतात का?

कळवा_शेल
नाही, रिकामे असले तर लिनिस वेगळी सूचना काढतो. पासडब्ल्यूडी, शॅडो, सुडोअर्स (युजर, पासवर्ड आणि रूटचे अधिकार यांच्या फाइली) आणि एसएसएचडीच्या फाइलींवर वॉच लावून सुरुवात करा.