रॉकी माउंटनमध्ये कॅम्पिंग: दुपारी वादळ आलं तर तंबूत थांबायचं की गाडीत?

पूर्वा_डेन
मंडळी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कात, मोरेन पार्क कॅम्पग्राउंडला तीन रात्रींचं बुकिंग आहे. आम्ही दोघं, ९ आणि ६ वर्षांची मुलं, आणि पुण्याहून आलेले सासरे (वय ६८). तंबू सहा जणांचा, केबिन पद्धतीचा, आत उभं राहता येतं असा. अंदाजात तिन्ही दिवस दुपारी गडगडाटी पाऊस ४० टक्के दाखवतंय. विजा चमकायला लागल्या तर तंबूत थांबायचं की गाडीत? हा उंच तंबू वाऱ्यात टिकेल का? आणि सरळ रद्दच करावं का?

डोंगरखुळा
रद्द करू नका. जुलैअखेरीस तिथे ४० टक्के म्हणजे नेहमीचाच दिवस.

या पावसालाही तिकडे मान्सून म्हणतात, पण स्वभावाने तो आपला वळीव आहे. सकाळी स्वच्छ ऊन, दहा-अकराच्या सुमारास कापसाचे ढग, ते फुलकोबीसारखे वर चढायला लागले की समजायचं, आणि दुपारी तास-दोन तास गडगडाट, गारा, मग पुन्हा ऊन. उतार तापले की दमट हवा वर जाते, म्हणून सुरुवात डोंगरमाथ्यावर होते. ढग बहुधा पश्चिमेच्या मुख्य धारेवर तयार होऊन पूर्वेकडे सरकतात. तुम्ही धारेच्या पूर्वेला, त्यामुळे ढग डोंगराआड असतो तोवर दिसत नाही आणि दिसतो तेव्हा डोक्यावर आलेला असतो.

म्हणून सगळं वेळापत्रक उलटं करा. एमराल्ड लेकला जायचं असेल तर सहाला चालायला लागा आणि अकरापर्यंत गाडीपाशी या. ट्रेल रिज रोडही सकाळीच उरका. तो १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि सुमारे ११ मैल झाडांच्या रेषेच्या वर आहे, तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. दुपार जेवण, झोप, पत्ते.

अंदाज बघताना एस्टेस पार्क गावाचा बघू नका, ते साडेसात हजार फुटांवर आहे. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशात नेमक्या जागी क्लिक करा आणि तासावार आलेख उघडा. वीज दिसल्यावर मोजायला लागा: गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना पाचने भागलं की मैल. ३० सेकंदांच्या आत आला तर गाडीत.

आडवा_पाऊस
वरचं सगळं बरोबर, फक्त ते मोजणं सोडा. दऱ्यांमध्ये गडगडाट घुमतो, कुठल्या विजेचा कुठला आवाज ते कळत नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, एवढाच नियम. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. दर नव्या आवाजाला घड्याळ पुन्हा शून्यावर.

तंबू म्हणजे विजेपासून आडोसा नव्हे. पोल ॲल्युमिनियमचे असोत की फायबरचे, काही फरक पडत नाही, आणि खाली फोमची गादी असली तरीही नाही. पत्र्याच्या छपराची गाडी चालते: काचा बंद, हात मांडीवर, दाराच्या धातूला किंवा चार्जरच्या वायरीला हात नाही. वाचवतात ते टायर नव्हेत. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून कापडी छपराची गाडी चालत नाही.

उघड्यावर सापडलात तर पंजांवर उकिडवं बसण्याचा सल्ला आता देत नाहीत, त्याने फारसा बचाव होत नाही. उतरत राहा, गाडीकडे चालत राहा, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, आणि एकमेकांत ५० फूट तरी अंतर ठेवा, म्हणजे एकाला लागलं तर दुसरा मदतीला उरतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. हात लावायला घाबरू नका, श्वास नसेल तर लगेच सीपीआर सुरू करा आणि ९११.

खुंटी_हातोडा
तंबूबद्दल. केबिन तंबूच्या भिंती उभ्या असतात, त्या शिडासारखा वारा धरतात. टिकतो, पण दोऱ्या बांधल्या तर. बहुतेक लोक त्या पिशवीतच ठेवतात.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या घरीच ठेवा, खडकाळ जमिनीत त्या पहिल्याच ठोक्याला वाकतात. १० इंची पोलादी खुंट्या १६ घ्या, आणि जड हातोडा. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं. दोरी साधारण ४५ अंशांत. वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे बहुतेकदा पश्चिमेला, एका बिंदूपासून दोन दोऱ्या व्ही आकारात. नायलॉन भिजला की सैल पडतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा ताणा. दार पूर्वेकडे.

खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच आत दुमडा. बाहेर डोकावली की रेनफ्लायवरचं (तंबूवर ओढायच्या पावसाळी आच्छादनावरचं) पाणी तिच्यावर पडून थेट तुमच्या खाली येतं. ‘तंबू गळतो’ या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतील. रेनफ्लाय आदल्या शनिवारी अंगणात लावून पाइपने पाणी मारून बघा. शिवणीतून थेंब आला तर सीम सीलर (शिवणी बुजवायचा लेप) लावून एक दिवस वाळवा.

ढग काळे झाले की क्रम असा: आधी टेबलावरची घडीची छत्री उतरवा, जोराच्या वाऱ्यात तीच उडून शेजाऱ्याच्या गाडीवर जाते. मग टेबलावरचं खाणं फूड लॉकरमध्ये, पाऊस असला तरी अस्वलाला सुट्टी नसते. मग झोपायचं सामान मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत भरून तंबूच्या मधोमध. मग माणसं गाडीत. वारा हाताबाहेर जातोय असं वाटलं तर पोल काढून तंबू आडवा पाडा आणि चारी कोपऱ्यांवर पाण्याचे कॅन ठेवा. ओला तंबू वाळतो, मोडलेला पोल पार्कात मिळत नाही.

जागा निवडताना वर बघा. या पार्कात भुंग्याने पोखरून वाळलेले पाइन बरेच आहेत, ते वाऱ्यात पडतात. टिंबर क्रीक कॅम्पग्राउंडमधली झाडं तर त्यापायीच काढावी लागली. वाळकं झाड तंबू लावायच्या जागेवर झुकलेलं दिसलं तर जागा बदलून मागा.

पूर्वा_डेन
खूप उपयोगी, धन्यवाद! दोन गोष्टी राहिल्या. सासऱ्यांना थंडी बाधेल का? आणि रात्री फारच पाऊस झाला तर गाडी काढून लव्हलँडला खाली उतरणं बरं, की तिथेच थांबणं?

आडवा_पाऊस
लव्हलँडचा रस्ता म्हणजे हायवे ३४, बिग थॉम्प्सनची अरुंद घळ. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी तिथे काही तासांत सुमारे १२ इंच पाऊस कोसळला आणि १४४ माणसं गेली. गाडीतून घळीतून निसटू बघणारेही त्यात होते. पूर आला तर वर चढा, अशा पाट्या तिथल्या घळींमध्ये लावल्यात त्या उगाच नाहीत. अतिवृष्टीत त्या रस्त्याला लागायचंच नाही. कॅम्पग्राउंडमध्येच, ओढ्यापासून लांब आणि उंचावर थांबा. घळीत असतानाच पाणी वाढलं तर गाडी सोडून चढ चढायचा. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटतात, एक फुटात बऱ्याच गाड्या वाहून जातात.

हवामान खात्याच्या पुराच्या इशाऱ्यांत ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती जुळून आली आहे, सामान आवरा. ‘वॉर्निंग’ म्हणजे घडतंय किंवा घडायच्या बेतात आहे, आत्ता हला. पार्कात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे हा इशारा फोनवर येईल असं धरून चालू नका. हाताने फिरवून चार्ज होणारा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे ऐकवणारा) घ्या. सात चॅनेल असतात, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ. पोचल्यावर उजेडातच कोणतं लागतं ते बघून तिथे लावून ठेवा.

डोंगरखुळा
थंडी बाधेल, आणि आपले लोक इथेच फसतात. सह्याद्रीत भिजलं तरी हवा उबदार असते, सुती कपडे अंगावरच वाळतात. मोरेन पार्क आठ हजार फुटांच्या वर आहे, रात्री पारा ४०-४५ फॅरनहाइटपर्यंत उतरतो, आणि गारांच्या पावसात तर भरदुपारी हुडहुडी भरते. आजोबांना सुती बनियन आणि जीन्स नको. आत सिंथेटिक किंवा लोकर, वर फ्लीस, त्यावर रेनकोट (पोंचो वाऱ्यात डोक्यावर येतो), आणि लोकरी कानटोपी. प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसकट, झिपलॉकमध्ये बंद करून गाडीत. तंबूत नाही.

जीभ अडखळणं, बटण न लागणं, उगाच चिडणं ही सुरुवात. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळा, शुद्धीवर असतील तर गरम गोड चहा द्या. अंग गार असूनही थरथर थांबली तर घरगुती उपायांवर थांबू नका, रेंजर (पार्कचा कर्मचारी) गाठा.

चहा सकाळीच थर्मासमध्ये भरून ठेवा. पाऊस लागला म्हणून शेगडी तंबूच्या आत घेतात. जाळ लागायची भीती असतेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रेनफ्लाय ओढलेल्या बंद तंबूत तो कधी साठला ते कळतही नाही. फ्लायच्या पुढच्या ओसरीतही नको.

पूर्वा_डेन
पोलादी खुंट्या आणि रेडिओ मागवले. शनिवारी अंगणात तंबू लावून पाणी मारते. शिवणीतून थेंब आलाच तर इथे विचारेन.