‘आधिव्याधी’, ‘हाय’ आणि ‘जिवाक बरें ना’

पेडणेकरीण:
आमच्या गावच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात एका डॉक्टरांचं भाषण आहे. विषय ‘मनाचा शरीरावर आणि शरीराचा मनावर होणारा परिणाम’. फलक लिहायचं काम माझ्याकडे. एवढं लांबलचक कोण उभं राहून वाचणार? शोधल्यावर ‘मनोकायिक’ असा शब्द मिळाला, पण तो गावात कुणाला कळेल असं वाटत नाही आणि तो बरोबर आहे का, याचीही शंका आहे. बोलण्यातलं काही सुचवा. फलक मराठीत असला तरी वाचणारे घरी कोंकणीच बोलतात, तेव्हा कोंकणी शब्दही चालेल.

फोंड्याचा मास्तर:
शंका रास्त आहे. मनस् + कायिक असा संधी. पुढे क आला की विसर्गाचा ओ होत नाही, म्हणून ‘मनःकायिक’. ‘मनोदैहिक’ मात्र बिनचूक, कारण तिथे पुढे द आहे. ‘मनोकामना’ जसं रूढ झालं तसं ‘मनोकायिक’ही झालंय, त्यामुळे मी लाल शाईने खोडणार नाही. फलकावर मात्र तिन्ही नकोत.

आपल्याकडे जुना जोडशब्द तयार आहे: आधिव्याधी. आधी म्हणजे मनाची पीडा, व्याधी म्हणजे शरीराची. ‘पुंस्याधिर्मानसी व्यथा’ असं अमरकोशात स्वच्छ लिहिलंय. आज आपण आधिव्याधी म्हणतो ते नुसतं ‘दुखणीखुपणी’ या अर्थी. मनाचा वाटा त्यातून गळाला. माझा अंदाज असा, की हा शब्द सुटा लिहिला की नियमाप्रमाणे ‘आधी’ होतो आणि वाचणाऱ्याला ‘अगोदर’च दिसतं. समासात पहिलं पद ऱ्हस्व राहतं, तेव्हा लिहायचंच झालं तर ‘आधिव्याधी’, ‘आधीव्याधी’ नको.

साखळीकर:
मास्तर, आधिव्याधी लिहिलं तर लोक कीर्तन आहे समजून येतील. गर्दी होईल, हे खरं.

मडगावची मीमांसा:
साधं ‘आरोग्य’ का नको? किंवा ‘स्वास्थ्य’?

फोंड्याचा मास्तर:
आरोग्य म्हणजे रोग नसणं, बस. स्वास्थ्याचा आवाका मोठा. सुश्रुताने स्वस्थ माणसाची व्याख्या केली तीत दोष, अग्नी, धातू हे सगळं सम असून भागत नाही. ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’ हीही अट आहे. मन प्रसन्न नसेल तर त्याच्या लेखी माणूस स्वस्थ नाही. मराठीत ‘स्वस्थ’ हा शब्द ‘स्वस्थ बस’पुरता उरला, पण ‘अस्वस्थ’मध्ये दोन्ही अर्थ अजून नांदतात. ‘मंत्री अस्वस्थ’ असा मथळा वाचला की ताप आलाय की खातं गेलंय, ते पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

पुणे-पणजी:
मग गोव्यात ‘सुशेगाद’च म्हणा की! शरीर निवांत, मन निवांत.

साखळीकर:
तो शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आला आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी झिजवला. पहाटे चारला नुस्तें, म्हणजे मासे, आणायला जेटीवर उभी राहणारी बाई सुशेगाद नसते. पुढे चला.

परिचारिका म्हापसा:
बरीच वर्षं आरोग्य केंद्रात काढली आहेत, म्हणून माणसं प्रत्यक्ष काय बोलतात ते सांगते. ‘मला मानसिक त्रास आहे’ असं म्हणत कुणी येत नाही. येतात ते ‘घुंवळ येता’ (चक्कर येते), ‘न्हीद येना’, ‘भूक ना’, ‘आंग दुखता’ म्हणत. आणि सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘जिवाक बरें ना’, म्हणजे जिवाला बरं नाही.

या वाक्यातली खुबी बघा. कोंकणीत जीव म्हणजे शरीरही. मराठीत ‘जीव रमत नाही’, ‘जीव खालीवर होतो’ म्हणताना जीव म्हणजे मन. ‘जिवाक बरें ना’ म्हणणाऱ्याने दोन्हींपैकी काय बिघडलंय ते ठरवलेलं नसतं, आणि ते त्याने ठरवायचंही नसतं. केसपेपरवर मात्र ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं, टॉनिकची बाटली हातात पडते आणि महिन्याने तीच बाई पुन्हा त्याच बाकावर दिसते. ‘घरा सगळें बरें मूं?’ एवढं विचारलं की कधीकधी ती पदराने डोळे पुसते आणि मग खरं काय ते सुरू होतं. नवरा बोटीवर, सासू अंथरुणावर, मुलगा बारावीला.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातच ‘मानस’ नावाचा प्रयोग केला होता. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना थेट प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये 2010 साली छापून आलं. माणूस अंगाचं गाऱ्हाणं घेऊन जिथे येतो, तिथेच मनाची चौकशी व्हावी, हे त्यातलं मला पटलेलं.

आता उलट बाजू, कारण ती नेहमी विसरली जाते. थायरॉइड मंदावला, रक्त कमी झालं, बी-12 कमी पडलं, तरी माणूस उदास होतो, थकतो, कशात लक्ष लागत नाही. त्याला ‘टेन्शन घेऊ नको’ सांगून घरी पाठवणं ही चूक. रक्त तपासायला हवं. छातीत धडधडून घाम फुटला तर ते घाबरल्यामुळेही असेल, पण आधी इसीजी. ‘मनाचं आहे’ हे सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं वाक्य. मधुमेहात तर दोन्ही बाजू एकमेकींना ओढतात: काळजीने झोप जाते, झोप गेली की साखर चढते, चढलेला आकडा पाहून पुन्हा काळजी, आणि मन खचलं की गोळीही चुकते, चालायला जाणंही बंद.

मडगावची मीमांसा:
बाय, हे छान सांगितलंत. तुमच्या शेवटच्या मुद्द्यावरून एक लक्षात आलं. मनाकडून शरीराकडे जाणारे शब्द मराठीत ढिगाने आहेत: हाय खाणे, धसका घेणे, झुरणीला लागणे, कुढून कुढून वाळणे. ‘धसक्याने ताप भरला’ यात कारण आणि परिणाम एका दमात येतात. शरीराकडून मनाकडे जाणारे इतके नेमके शब्द कुठे आहेत?

साखळीकर:
‘दुखण्याने किरकिरा झाला’, ‘कातावला’. आणि ‘घुमी झाली’. आमच्या शेजारच्या आजीचे गुडघे गेले. आधी नुस्त्यांच्या बाजारात जाणं बंद, मग देवळात, मग सोप्याच्या तीन पायऱ्या उतरणंही. सोप्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारणारी बाई, आता विचारलं तर ‘हूं’ म्हणते. घरचे म्हणतात घुमी झाली, वय झालं. गुडघ्यांचं नाव कुणी घेत नाही.

परिचारिका म्हापसा:
फिजिओथेरपीला न्या तिला. आणि तोवर खुर्ची सोप्यावर ठेवा, आतल्या खोलीत नको.

फोंड्याचा मास्तर:
‘अंगावर काढणे’ही नोंदवा. ताप अंगावर काढला असं म्हणतो, पण काळजीही वर्षानुवर्षं अंगावरच काढली जाते. तिथे हा वाक्प्रचार वापरला तर खुशाल चालेल, व्याकरणाची काही आडकाठी नाही.

पुणे-पणजी:
पणजीच्या जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे ना? ते यात बसतात का?

फोंड्याचा मास्तर:
चपखल बसतात. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा. माणसाला झोप येते ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकशक्तीने नव्हे, तर ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनाच्या एकाग्रतेने, असं त्याचं म्हणणं. पण फलकावर त्याला चढवलंत तर लोक जादूचे प्रयोग आहेत समजतील. साखळीकर हसतील.

पेडणेकरीण:
सगळं वाचून मसुदा केला. वर मोठ्या अक्षरांत कोंकणीत ‘जिवाक बरें ना?’ आणि खाली मराठीत ‘मनाचं दुखणं की अंगाचं?’ कसं वाटतं?

परिचारिका म्हापसा:
वरची ओळ उत्तम. खालच्या ओळीतला ‘की’ काढा. त्याने माणसाला एकच निवडायला लावलं. ‘मनाचं आणि अंगाचं दुखणं’ लिहा.

पेडणेकरीण:
लिहिलं. डॉक्टरांनाही आवडलं. मराठी फलकावर कोंकणी ओळ कशी, असं समितीतले एक काका म्हणताहेत, त्यांच्याशी उद्या बोलते.

साखळीकर:
काकांना विचारा, त्यांची तब्येत बिघडली की ते घरात काय म्हणतात.