अनुभव धागा : संशोधनाची बातमी घरात आली तेव्हा

माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि एका धमनीत स्टेंट बसवलेला होता. जेवण झाले की अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घ्यायची, हा नेम त्यांनी कित्येक वर्षांत चुकवला नव्हता. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये वयस्कर माणसांना रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, अशा अर्थाची बातमी आली. वडिलांनी ती कापून औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आणि कोणाला काही न सांगता गोळी बंद केली. पुढच्या तपासणीच्या वेळी औषधे दाखवण्यासाठी डबा उघडला, तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांआधी कात्रण दिसले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, "काका, या अभ्यासातली माणसं कोण होती?"

त्या अभ्यासात १९,११४ जण होते, बहुतेक सत्तरीच्या पुढचे; पण हृदयविकार किंवा पक्षाघात कधीच न झालेले. अशा धडधाकट माणसांना गोळीचा फायदा दिसला नाही आणि रक्तस्रावाचे प्रमाण मात्र वाढले. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाने दुसरा टाळण्यासाठी गोळी घ्यावी का, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नव्हता. वडील फक्त वयाने त्या गटातले होते.

आरोग्याच्या किंवा मानसशास्त्राच्या एखाद्या नव्या निष्कर्षावर आपण काय केले, हे इथे लिहावे, अशी विनंती आहे. आपण काय ऐकले, त्यावर काय केले आणि संशोधकांनी मुळात काय मोजले होते, या तिन्ही गोष्टी आल्या तर उत्तम. डॉक्टरांची किंवा रुग्णालयांची नावे नकोत, आणि कोणी कोणाला औषध सुरू-बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

एक भाषांतरकार, वय ४१

जुलै २०२२ मध्ये सेरोटोनिन आणि नैराश्य यांच्या संबंधाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येते, या समजुतीला आधार देणारा सुसंगत पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. माझ्या थोरल्या भावाने ती बातमी पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली : "बघ, म्हणजे तुला काही झालंच नव्हतं." त्याला ती आनंदाची बातमी वाटली होती, हे मला आज कळते. त्या दिवशी मात्र मी सहा वर्षे ज्या वाक्याच्या आधाराने नातेवाइकांसमोर उभी होते, ते वाक्यच माझ्याकडून काढून घेतल्यासारखे झाले. "मेंदूतलं एक रसायन कमी पडतं, त्याची गोळी घेते," एवढे सांगितले की समोरचा माणूस 'मन खंबीर कर' म्हणायचे थांबत असे. गोळीइतकाच त्या वाक्याचाही मला उपयोग झाला होता.

रागाच्या भरात मी गोळ्या एकदम बंद केल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक वीज चमकून गेल्यासारखे होऊ लागले, जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागे आणि कामाला बसले की एकच ओळ पाच-पाच वेळा वाचूनही मराठीत उतरत नसे. आजार उलटला, असे मी धरून चालले होते. हे औषध अचानक तोडल्याचे परिणाम आहेत आणि बंद करायचेच असेल तर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, असे डॉक्टरांनी सांगितले. मग त्यांनी दोन प्रश्न वेगळे करून दाखवले. आजार कशामुळे होतो, हा एक. गोळीने बरे वाटते का, हा दुसरा. २०२२ चा आढावा पहिल्या प्रश्नाचा होता. दुसऱ्या प्रश्नावर २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठे विश्लेषण आले होते : ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण आणि २१ औषधे. नैराश्याच्या प्रौढ रुग्णांमध्ये ती एकवीसही औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली होती. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

"मग रसायन कमी पडतं असं मला का सांगितलंत?" असे मी विचारले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "समजावायला सोपं पडतं म्हणून." या उत्तराचा राग यायला हवा होता, पण त्याच उत्तरामुळे मी त्यांच्याकडे जाणे चालू ठेवले. भावाला सांगण्यासारखे नवे वाक्य मात्र अजून सापडलेले नाही.

निवृत्त ग्रंथपाल, वय ७३

मी पन्नाशीत होते, पाळी नुकतीच गेली होती आणि त्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या घेत होते. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासातली एक चाचणी मुदतीआधीच थांबवल्याची बातमी आली. या गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, असे मी वाचले, आणि माझ्या डोक्यात त्याचा अर्थ 'शंभरातल्या सव्वीस जणींना' असा झाला. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या बाईने असा अर्थ लावावा, याची आज लाज वाटते. पण भीती वाटत असताना टक्केवारी कोणाला नीट वाचता येते? मी त्याच संध्याकाळी गोळ्या टाकून दिल्या. पुढची दोन वर्षे रात्री अंग पेटल्यासारखे होऊन जाग येई, खिडकी उघडून उभी राहत असे आणि पहाटे ओली चादर बदलत असे.

तो आकडा फार उशिरा मला उलगडला. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे गोळी न घेणाऱ्यांत ३० जणींना हा कर्करोग झाला होता आणि घेणाऱ्यांत ३८ जणींना. तिसाच्या जागी अडतीस म्हणजेच ते २६ टक्के. त्या आठ जणींना मी क्षुल्लक म्हणत नाही. पण मी घाबरले होते ती संख्या ही नव्हती. शिवाय चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांसाठी फायद्या-तोट्याचा हिशेब वेगळा पडतो, हे पुढे वयानुसार केलेल्या विश्लेषणांतून पुढे आले.

माझ्या सख्ख्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यामुळे सगळे नीट समजले असते तरी कदाचित मी गोळ्या सोडल्याच असत्या. मग तो निर्णय तरी माझा झाला असता.

धागा सुरू करणारी

ग्रंथपालबाईंच्या अनुभवावरून १९९५ मधली ब्रिटनची गोष्ट आठवली. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तेथे दिला गेला. 'दुप्पट' म्हणजे साधारण ७,००० स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघी. हजारो स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या अंदाजे १३,००० ने वाढली. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे 'दुप्पट' या एका शब्दात कुठेच मावले नाही.

वृत्तपत्रात उपसंपादक होतो, वय ५२

मी मथळे देणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. रात्रीची पाळी होती, पान सोडायला चाळीस मिनिटे उरली होती आणि माझ्याकडे दोन कॉलमांत दोन ओळींची जागा होती. तंबाखू आणि मांस एका ओळीत आणणारा मथळा मी दिला आणि तो चांगला जमला म्हणून रात्रपाळीच्या प्रमुखांनी पाठही थोपटली.

दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला. गृहस्थ अतिशय नम्रपणे बोलत होते. "दोन्ही सारखंच घातक असेल तर मी मांस सोडतो, ते मला जमेल. सिगारेट चालू ठेवली तर चालेल ना?" मला घाम फुटला. त्या संस्थेचे गट कर्करोगाशी असलेल्या संबंधाचा पुरावा किती पक्का आहे, हे सांगतात. धोका किती मोठा आहे, हे सांगत नाहीत. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आयुष्यभराचा हिशेब धरला तर शंभरात साधारण पाच जणांच्या जागी सहा. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाते याच्या कितीतरी पट जबर आहे. हे सगळे मी त्यांना फोनवर वीस मिनिटे समजावले. ते म्हणाले, "मग हे छापलं का नाहीत?" बातमीच्या सहाव्या परिच्छेदात ते होते, आणि जागा कमी पडली म्हणून तो परिच्छेद मीच कापला होता.

२०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम हे कृत्रिम गोडीचे रसायन 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात गेले, तेव्हा त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञसमितीने त्याची रोजची चालण्याजोगी मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम होती तशीच ठेवली. तोवर मी नोकरी सोडली होती. मथळे वाचले आणि जुन्या टेबलावर आज कोण बसले असेल, याचा विचार करत राहिलो.

दोन नातवंडांची आजी

आम्हाला बाळाला पालथे झोपवायला सांगितले होते. उलटी झाली तर घशात अडकत नाही, असे कारण दिले होते. माझ्या मुलीने तिच्या बाळाला उताणे झोपवले, तेव्हा मी दोनदा उठून त्याला पालथे केले. तिसऱ्यांदा ती माझ्यावर ओरडली. मग तिने दाखवले की ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेतले अचानक बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. मी काहीच बोलले नाही. ती पाच महिन्यांची असताना पालथी, गालावर झोपलेली असायची. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर येत राहिले आणि तिचा श्वास आता मोजावासा वाटला. तिला वाटले, मी रुसले.

एका मुलीचा बाबा, वय ३८

मार्शमॅलो या मऊ मिठाईच्या प्रयोगाचे मी नको तितके मनावर घेतले होते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांसमोर खाऊ ठेवला आणि थोडा वेळ थांबलात तर दुप्पट मिळेल, असे सांगितले. थांबणारी मुले पुढे परीक्षांत सरस ठरली, एवढे मला ठाऊक होते. मुलगी चार वर्षांची झाल्यावर मी एका रविवारी तिच्यासमोर बशीत चॉकलेटचा एक तुकडा ठेवला, पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि नियम सांगायला लागलो. दुसरे वाक्य पूर्ण होण्याआधी तिने तो तोंडात टाकला होता. बशीच्या कडेला तिच्या बोटाचा तपकिरी ठसा उरला होता. मला खरोखर झोप लागली नाही.

२०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर केलेला अभ्यास आला. त्यात मूळचा संबंध निम्म्यावर आलेला दिसला, आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची समज हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोनतृतीयांश भाग विरून गेला. पण मला जास्त लागला तो २०१३ चा छोटा प्रयोग. त्यात फक्त २८ मुले होती. निम्म्या मुलांना मोठ्या माणसाने आधी एक वचन देऊन ते पाळले होते आणि निम्म्यांच्या बाबतीत मोडले होते. पहिला गट सरासरी १२ मिनिटे थांबला, दुसरा तीन. मी मुलीला विचारले, "त्या दिवशी थांबली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही नंतर म्हणता आणि विसरता." एवढ्या लहान प्रयोगावर विसंबू नये, हे मला कळते, मुलीचे म्हणणे मात्र खरे होते.

नोकरीसाठी मुलाखती देणारा

मी कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून दोन मिनिटे उभा राहत असे, तेही कार्यालयाच्या स्वच्छतागृहात, कडी लावून. अशा पवित्र्याने शरीरातली संप्रेरके बदलतात आणि धाडस वाढते, असे २०१० च्या एका अभ्यासात म्हटले होते. त्यात ४२ जण होते. २०१५ मध्ये २०० जणांवर पुन्हा करून पाहिले, तेव्हा संप्रेरकांतला बदल सापडला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ लेखिकांपैकी एकीनेच या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. मित्रांनी माझी भरपूर टर उडवली. शेवटच्या मुलाखतीला मी उभा राहिलो नाही आणि नोकरी मिळाली नाही. या योगायोगाचा अर्थ काय लावायचा, ते मला चांगले ठाऊक आहे. तरीही पुढच्या वेळी मी उभा राहणार आहे.

एक सूनबाई

माझ्या सासूबाईंना रोज १०,००० पावले पुरी करण्याचे वेड लागले होते. रात्री दहा वाजता आकडा ७,८०० वर असला तर त्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालत, आणि आम्ही त्यांच्या वाटेतून पाय आवरून बसत असू. हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून पसरला, हे मी वाचले होते, पण ते सांगायची छाती होत नव्हती. मग २०१९ चा अभ्यास हाती लागला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि ७,५०० च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला होता. त्यातल्या सगळ्या स्त्रिया होत्या, सरासरी वय ७२. चालण्यामुळेच आयुष्य वाढले की मुळात धडधाकट होत्या म्हणून त्या जास्त चालत होत्या, हे अशा पाहणीतून पक्के ठरवता येत नाही, हेही मी त्यांना वाचून दाखवले. सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या.

त्यांनी चष्मा लावून आकडे पुन्हा स्वतः वाचले. "म्हणजे रोजची अडीच हजार पावलं मी उगाच चालले?" त्यांनी विचारले. "उगाच नाही हो आई, पण नाही चालला असतात तरी चाललं असतं," मी म्हटले. "गेली चार वर्षं?" मी मान हलवली. त्या उठल्या, मनगटावरचे यंत्र काढून माझ्या हातात दिले आणि झोपायला गेल्या. आकडा ६,९४० होता. पाच मिनिटांनी खोलीचे दार पुन्हा उघडले. "ते इकडे दे," त्या म्हणाल्या, "पाचशे साठ राहिली आहेत."