'बेकार', 'बेरोजगार' की 'तयारी करतोय'?

कृष्णाकाठ:
धाकट्या भावासाठी स्थळं बघायचं चाललंय. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'नोकरी / व्यवसाय' असा रकाना आहे. भावाने त्यात सरळ 'बेरोजगार' लिहिलं. वडिलांनी ते खोडून वर 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं लिहिलं. आजी म्हणाली, "अरे, बेकार लिहा की. आमच्या वेळी तसंच म्हणायचे." त्यावर भाऊ ताटावरून उठला. म्हणे, मी बेरोजगार असेन, बेकार नाही!
कोशात दोन्हींचा अर्थ जवळजवळ सारखाच दिलाय. मग एक चालतो आणि दुसरा जिव्हारी लागतो, असं का?

जुनी वही:
भाऊ कोशाच्या नाही, बोलीच्या बाजूने बोलतोय आणि त्याचं बरोबर आहे.
बेकार फारसीतून आला. 'बे' म्हणजे विना, 'कार' म्हणजे काम. इराणात आजही काम नसलेल्या माणसाला हाच शब्द वापरतात, त्यात शिवी नाही. आपल्याकडेही सत्तर-ऐंशीच्या दशकात 'सुशिक्षित बेकार' हा जोडशब्द वर्तमानपत्रांत रोज असायचा. ('अशिक्षित बेकार' मात्र कुणी छापला नाही. त्यांनी काम मागणं ही बातमी नव्हती.) पुढे बेकार माणसावरून वस्तूंवर गेला. पिक्चर बेकार, भाजी बेकार, रस्ता बेकार. तिथून तो परत माणसाकडे आला तेव्हा 'काम नसलेला' राहिला नव्हता, 'कामाचा नसलेला' झाला होता. आजीच्या कानात पहिला अर्थ आहे, नातवाच्या कानात दुसरा.
रोजगारची गोष्ट वेगळी. फारसीत त्याचा अर्थ काळ, जमाना, दैव असाही होतो. मराठीत मात्र त्यातला 'रोज' ऐकू येत राहिला. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून रोजगार म्हणजे खडी फोडणं, बांध घालणं आणि आठवड्याला हजेरीप्रमाणे पैसे, असंच समजतात. पदवीधर मुलगा 'बेरोजगार' आहे म्हटलं तर त्यांना नवल वाटतं: हा कधी रोजगाराला गेला होता?
जाता जाता, फारसीत 'कामगार' म्हणजे ज्याचे मनोरथ पुरे झाले असा भाग्यवान. तिथला 'काम' म्हणजे इच्छा. आपल्या कामगाराशी त्याचा अर्थाचा संबंध नाही, हे सांगायला नकोच.

परळ नाका:
आमच्या चाळीत दोन्ही शब्द नव्हते. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षांनीसुद्धा कुणी विचारलं की आई सांगायची, "संपात आहेत." अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, त्यातले कितीतरी 'गावी गेले'. तोही शब्द तसाच, गावी जाऊन काय करतात हे कुणी विचारत नसे.
आणखी एक. २०२०मध्ये पेपरांनी 'टाळेबंदी' हा शब्द सगळ्या देशाला लावला तेव्हा मला विचित्र वाटलं. आमच्यासाठी टाळेबंदी म्हणजे मालकाने गिरणीच्या गेटला लावलेलं कुलूप.

दुसरी पाळी:
चाकणला या, नवे शब्द देतो. इथे कुणी बेरोजगार नसतो, 'ब्रेकवर' असतो. कंत्राटदार सहा-सात महिने झाले की ब्रेक देतो, मग दुसऱ्या नावाने दुसऱ्या गेटमधून आत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरायची तरतूद होती आणि मग कामावरून काढताना नोटीस, भरपाई आली. ते २४० भरू द्यायचे नाहीत, हा त्या गोड शब्दाचा अर्थ. मी स्वतः चार ब्रेक घेतलेत. 'घेतलेत' म्हणतोय बघा, जसं काय मीच मागितले होते.
कायमच्या माणसाला काढलं तर 'नारळ दिला'. ऑफिसच्या कागदावर 'कमी केले'. आयटीवाले शेजारी हातात प्रोजेक्ट नसला की 'बेंचवर' असतात, पण त्यांना बेंचवर काही दिवस तरी पगार मिळतो.

आकडेमोड:
कृष्णाकाठ ताई, तुमचा भाऊ घरच्या शेतात हात लावतो का?

कृष्णाकाठ:
लावतो की. सकाळी धार काढतो, उसाला पाणी देतो. का हो?

आकडेमोड:
मग सरकारी हिशेबात तो बहुधा बेरोजगार नाहीच! श्रमबल सर्वेक्षणात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाराही 'रोजगारात' धरतात. साप्ताहिक स्थितीच्या मोजणीत तर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. आणि जो नुसता शिकतोय, कामाच्या शोधात नाही, तो श्रमबलाच्याच बाहेर. म्हणजे वडिलांनी खोडलं ते सर्वेक्षणाच्या भाषेत फारसं चुकलं नाही.
२०२३-२४चा बेरोजगारीचा दर नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे मागच्या वर्षभराचं काम बघून, ३.२ टक्के होता. १५ ते २९ वयोगटात १०.२. पहिला आकडा ऐकून लोक चिडतात, कारण त्यांच्या मनातला 'बेरोजगार' म्हणजे शिक्षणाला साजेसं काम न मिळालेला, आणि सर्वेक्षणातला म्हणजे काहीच काम नसून ते शोधणारा. शब्द एक, माणसं दोन. मला हे आकडे खोटे वाटत नाहीत, पण 'रोजगार' हा शब्द इतका ताणला की त्यात धारही मावते आणि कलेक्टरही.

तासिकावाली:
या यादीत 'मानधन' घाला. नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, झालेय, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टी लागली की तास नाहीत, तास नाहीत की पैसे नाहीत. पण विद्यार्थी मॅडम म्हणतात, त्यामुळे मी बेकार नाही.
पगार हा पोर्तुगीज 'पागार'वरून आला, म्हणजे चुकते करणे. किती रोखठोक शब्द! वेतन हा त्याचा संस्कृत भाऊ. पण जिथे चुकतं करायचं नसतं तिथे मान आणि धन एकत्र येतात. आशा, अंगणवाडी सेविका, आम्ही. २०२४ला आलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास मुलाला महिना ६,०००, पदवीधराला १०,००० ठरले, त्याचं नाव 'विद्यावेतन'. काम ऑफिसातलंच, पण शब्दाने त्याला विद्यार्थी करून टाकलं.

जुनी वही:
आणि हे सगळे मिळून जो मोर्चा काढतात तो 'आक्रोश मोर्चा'. मराठीत आक्रोश म्हणजे ऊर फुटून रडणं, हिंदीत संताप. मोर्चात हिंदी अर्थ आलाय असं मी पूर्वी वैतागून म्हणायचो. हल्ली टोकत नाही. भरतीच्या निकालाच्या दिवशी पुण्यातल्या पेठांत अभ्यासिकांबाहेर उभं राहिलं तर दोन्ही अर्थ दिसतात.

परळ नाका:
ताई, शेवटी रकान्यात काय लिहिलंत?

कृष्णाकाठ:
'शेती'. त्यावर मंडळातल्या बाई म्हणाल्या, शेती लिहिलं तर मुलीकडचे फोन करत नाहीत, 'तयारी'च राहू द्या. तेही आता लिहिता येत नाही, कारण भावाने सांगितलंय की पोलीस भरतीचं या वेळचं शेवटचं. सोमवारी त्याचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, आहे. फॉर्म तोवर माझ्या पर्समध्येच ठेवलाय.