साथीत पडलेला खाडा कोणाच्या नावावर? ऊसतोड कामगार आणि कारखान्याची जबाबदारी

बालाघाट:
मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देश बंद झाला तेव्हा शेतीकामाला आणि साखर कारखान्यांना सूट होती. त्यामुळे बीड, जालना, परभणी, नगरकडची माणसं सांगली-कोल्हापूरच्या फडात कोयता चालवत राहिली, आणि त्यांचे गावाकडचे रस्ते मात्र बंद झाले. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून घरी जायची मुभा दिली, तेव्हा ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार कामगार होते. ज्यांच्या कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, त्यांना या मधल्या दिवसांत कामही नव्हतं आणि जायला वाटही नव्हती.

टाळेबंदीत मजुरी कापू नका, असा आदेश केंद्राने २९ मार्चला काढला होता. १८ मेपासून तो मागे घेतला. पण लागू होता तेव्हाही ऊसतोड्याच्या हाती काही पडलं नाही, कारण तो कोणाच्याच हजेरीपटावर नाही. त्याचा हिशेब टनावर, तोही मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत.

पुढची साथ यायच्या आत तोडणी-वाहतूक करारात तीन कलमं घाला, असं माझं ठाम मत आहे. आजारपणाचा किंवा विलगीकरणाचा दिवस खाडा धरायचा नाही. त्या दिवसांचे पैसे सरासरी टनेजवर कारखान्याने कामगाराच्या खात्यात भरायचे. आणि पट्टा पडल्यावर रस्ते बंद असतील तर गावी पोचेपर्यंत धान्य, पाणी आणि जनावरांचा चारा द्यायचा. चारा मुद्दाम लिहिलाय. गाडी सेंटरवरचं, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारं, बिऱ्हाड बैल सोडून एसटीत बसू शकत नाही, आणि तोड थांबली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पण मिळत नाही.

गटऑफिस:
मागणी रास्त आहे, पण कराराची साखळी बघा. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी, म्हणजे तोडणाऱ्या जोडीशी. आमच्याकडे, कारखान्याच्या गट ऑफिसात, येते ती वजनपावती. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गट, गाडीचा नंबर असतो, तोडणाऱ्याचं नाव नसतं. मग एकेका कोयत्याचं सरासरी टनेज काढणार कशावरून?

दुसरं, बारा कोयत्यांची उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) घेऊन आठच येतात. कधी सगळी टोळीच येत नाही आणि वाहतूकदार ट्रॅक्टर विकून फेड करतो. अशा वेळी आजारी असल्याची पडताळणी कोण करणार, फडात चिठ्ठी देणारा चिटबॉय? आणि पैसे मिळतात म्हटल्यावर जानेवारीच्या थंडीत किती जणांना ताप येईल, याचाही विचार करा.

आडसाली:
कारखाना देईल म्हणजे ऊस उत्पादक देईल, हे आधी मान्य करू या. तोडणी-वाहतूक खर्च एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होतो. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये. त्यातून बऱ्याच कारखान्यांत आठशेच्या वर रक्कम तोडणी-वाहतुकीला जाते. शिवाय टोळी फडात आली की एकरी खुशाली (टोळीला द्यायचे वरचे पैसे) वेगळी, ट्रॅक्टर ड्रायव्हरची एन्ट्री (त्याचे वरचे पैसे) वेगळी. त्याची पावती कोणी देत नाही.

साथीत शेतकऱ्यालाही झळ बसते. तोडीची पाळी चुकून ऊस एप्रिल-मेपर्यंत उभा राहिला तर वजन घटतं, उतारा उतरतो, पुढच्या खोडव्याची (तोडलेल्या बुडख्यातून येणाऱ्या पिकाची) फूटही मार खाते. माणसं अडकली याचं वाईट वाटतंच. पण प्रत्येक नव्या कलमाचं बिल आमच्या पट्टीत, म्हणजे ऊसबिलात, लागणार असेल तर आमचा विरोध राहील.

बालाघाट:
आडसाली दादा, आकडा मांडून बघू. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन धरा. ७३२ रुपये. चौदा दिवसांचे १०,२४८. समजा, दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यावर पाच हजार कोयते आहेत आणि शंभरातल्या पाच जोड्यांना चौदा दिवस बसावं लागलं. अडीचशे कोयत्यांचे २५ लाख ६२ हजार होतात. टनाला अडीच रुपये.

तेही तुमच्या पट्टीतून नकोत. गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलं आहे. याच कारखान्याचा नुसता स्वतःचा वाटा एक कोटी होतो. त्यातून द्या.

गटऑफिस साहेब, वहिवाट तशी आहे म्हणून पावतीवर नाव नाही. गाडीचा नंबर टिपता येतो तर टोळीची यादीही जोडता येते.

उपकेंद्र:
पैशाचं तुम्ही ठरवा. अड्ड्यावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या वस्तीवर, साथ पसरते कशी, त्यावर लिहिते.

एका कोपीत (बांबू-ताडपत्रीच्या झोपडीत) चार-पाच माणसं झोपतात, आत चूल, दार एकच. तिथे "घरीच वेगळे राहा" या सूचनेला अर्थ नाही. पन्नास कोप्यांमागे चार रिकाम्या कोप्या पहिल्या दिवसापासून राखून ठेवा, वस्तीपासून थोड्या दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, स्वतंत्र पाण्याच्या टाकीसह. रुग्ण सापडल्यावर बांबू-ताडपत्री मागवली तर उभारणीत दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात शेजारच्या कोप्या आजारी पडतात.

पाणी माणशी रोज किमान पंधरा लिटर. टँकरचं पाणी शुद्ध आहे असं गृहीत धरू नका. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. पावडर उघड्या पोत्यात ठेवली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग माप बरोबर टाकूनही टेस्टला रंग येत नाही. वीस माणसांमागे एक संडास हवा. बायका पहाटे अंधारात उसातच जातात आणि जावं लागू नये म्हणून पाणी कमी पितात. लघवीचा जंतुसंसर्ग त्यातूनच वाढतो.

लसीकरणाचा धडाही विसरू नका. मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर होतं. सप्टेंबरात गावी पहिला घेतलेल्या माणसाचा दुसरा डोस डिसेंबरात, म्हणजे फडात असताना येतो. कोविनवर एका मोबाइलवर तेव्हा चारच नावं बसायची, तो मोबाइल बहुधा मुकादमाचा किंवा गावात राहिलेल्या मुलाचा. ओटीपी एकीकडे, माणूस दुसरीकडे. म्हणून ऊस तोडायला निघायच्या आधी गावातच यादी करून ती फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवायला हवी. आणि लस द्यायला सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा अड्डा रिकामा असतो. ट्रॅक्टर भरून परतल्यावर संध्याकाळी माणसं भेटतात.

गोदाकाठ:
उपकेंद्र ताईंशी सहमत. बालाघाट, तुमच्याशी अर्धा. "कामगाराच्या खात्यात" म्हणजे कोणाच्या? उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच. बाई विलगीकरणात गेली की तो अर्धा कोयता होतो, आणि तिच्या दिवसांचा खाडाही दोघांच्या उचलीत चढतो. भरपाई जोडीला न देता माणशी द्या, दोन खात्यांत.

कायद्याची आडकाठीही ओळखून असा. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही राज्याची सीमा ओलांडण्याची अट तशीच आहे. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसतो, बीडहून कोल्हापूरला गेलेला बसत नाही. म्हणून नुसत्या करारावर भागणार नाही, राज्याने स्वतःचा कायदा करावा लागेल.

रेशनचं मात्र आजही करता येतं. कार्ड कुठेही चालतं आणि धान्य वाटून उचलता येतं, थोडं गावी आई-वडिलांनी, थोडं इकडे. अडचण एवढीच की कारखान्याजवळच्या दुकानदाराकडे कोटा तिथल्या कार्डांपुरता येतो. तहसीलदारांनी हंगामाआधी जादा कोटा मागितला नाही तर अंगठा जुळूनही पोतं रिकामंच.

गटऑफिस:
राखीव कोप्या, टीसीएल, संध्याकाळची फेरी, यातलं काहीच अवघड नाही. यादीही वाहतूकदाराकडून करार करतानाच आधारसह घेता येईल. पण भरपाईची पडताळणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवरच व्हावी, मुकादमाच्या तोंडावर नको. आणि कारखाना आधी देणार, मग महामंडळाकडून परत मागणार, हे चालणार नाही. अशी येणी वर्षानुवर्षं अडकतात.

आडसाली:
महामंडळाने थेट द्यावेत, पट्टीत रुपया लागू नये, असं लेखी असेल तर वार्षिक सभेत ठरावाला मी हात वर करीन. त्याच ठरावात खुशाली बंद हेही घाला.

गोदाकाठ:
खुशाली घाला, हरकत नाही. पण चिठ्ठी आणायला आरोग्य केंद्रापर्यंत जायचं कसं? अड्डा बहुतेक वेळा रस्त्यापासून आत असतो आणि तापलेल्या माणसाला मुकादम ट्रॅक्टर देत नाही. चिठ्ठीची अट हवी असेल तर आठवड्यातून दोनदा परिचारिका अड्ड्यावर येईल हेही त्याच कलमात लिहा.