भाड्याने द्यायला पहिलं घर घ्यायचंय, पैसे कसे उभे करावेत? (बजेट 40 लाख, ठाण्याच्या पुढे)

कांजूरची_सिस्टर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. मी स्टाफ नर्स, मिस्टर प्रायव्हेट कंपनीत. कांजूरला राहतं घर दोघांच्या नावावर आहे, त्याचं लोन अजून 9 लाख बाकी. आता एक छोटं घर घेऊन भाड्याने द्यायचंय, भाडं दर महिन्याला थेट आईच्या हातात. गुडघ्यांमुळे तिचं शिवणकाम बंद झालं, आणि आमच्याकडे ती कधी पैसे मागत नाही. बीपीच्या गोळ्या सुरीने अर्ध्या करून खाते हे मला मागच्या महिन्यात तिचा डबा आवरताना कळलं. 14 लाख एफडीत आहेत. ईएमआय 25 हजारांच्या वर झेपणार नाही. होम लोन घ्यावं, राहत्या घरावर टॉप-अप (चालू लोनवरच वाढीव लोन) घ्यावं, की दागिने ठेवावेत? 40 च्या वर जायचं नाहीये, प्लीज.

मुलुंडचा_पक्या
ताई डोंबिवली वगैरे सोडा, मुलुंड वेस्टला वन बीएचके घ्या. मी 2014 ला घेतला, आजपर्यंत एक महिना रिकामा राहिला नाही. थोडं ताणावं लागेल, 90-95 पर्यंत जाईल, पण भाडेकरू दारात उभे असतात.

कांजूरची_सिस्टर
दादा बजेट 40 आहे हो.

हप्तेवाला
आधी आकडे बघा, मग जागा. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की 30 लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळतं, 30 ते 75 ला 80, त्यावर 75. म्हणजे 40 च्या घराला 32 लोन, 8 तुमचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी, ती मुंबईत 6 टक्के आणि ठाण्याकडे 7, बाईच्या नावावर 1 टक्का कमी, रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त 30 हजार, आणि हे लोनमध्ये धरत नाहीत, खिशातूनच जातं. 32 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता 27 हजार 700 च्या पुढे. तुमची मर्यादा तिथेच मोडली. आणि भाडं आईला जाणार म्हणजे हप्त्याला त्याची मदत शून्य. घर रिकामं राहिलं तर आईचे पैसे कुठून देणार त्याचे सहा महिने वेगळे काढा.

गाळा_नंबर_7
घर कशाला घेता, गाळा घ्या. आमचा नालासोपाऱ्यात आहे, भाडं घराच्या दीडपट. फक्त लोनचा रेट जरा चढा लागतो.

अंबरनाथकर
गाळा आईच्या औषधाला? माझ्या शेजारचा दोन वर्षं बंद आहे, शटरला गंज चढलाय. नवीन प्रोजेक्टमध्ये घ्या ताई, महारेराचा (सरकारी नोंदणीचा) नंबर बघून. जीएसटी घाबरण्यासारखा नाही, 45 लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) 60 चौरस मीटरच्या आत असेल तर 1 टक्काच, नाहीतर 5.

जुना_गिरणगाव
अहो पण ताबा कधी? आमच्या बिल्डरने दोन वर्षं सांगितली, पाच लागली. तोवर प्री-ईएमआय भरत होतो, नुसतं व्याज, मुद्दल तिथल्या तिथे. इकडे राहत्या घराचं भाडंही चालू. बायकोचं मंगळसूत्र दोनदा ठेवलं आणि दोनदा सोडवलं. यांच्या आईला पैसे आज हवेत, पाच वर्षांनी नकोत. ओसी (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेलं तयार घर घ्या, जीएसटीच नाही. आणि सोनं ठेवू नका, तारीख चुकली की लिलावाची नोटीस येते, ती मी हातात धरलेली आहे.

हप्तेवाला
+1, तयारच घ्या. आणि पागडीचं (मोठी रक्कम देऊनही आपण भाडेकरूच राहतो ते) किंवा कागद अर्धवट असलेलं बिल्कुल नको, बँक फाईल उघडत पण नाही.

फास्टलोकल_817
बदलापूर घ्या. स्वस्त आहे.

अंबरनाथकर
बदलापूरला भाडेकरू टिकत नाही, गाड्यांची बोंब.

फास्टलोकल_817
आमचा चार वर्षं टिकलाय. तुमच्या अंबरनाथला काय वेगळ्या गाड्या आहेत का, त्याच तर येतात.

ठाकुर्ली_थर्ड_फ्लोअर
रिसेलमध्ये एक गोष्ट कोणी सांगितली नाही. बँक लोन तुमच्या सौद्यावर देत नाही, तिच्या व्हॅल्युएशनवर देते. आमच्याकडे व्हॅल्युअर आला, हातात लेझरचं मशीन, दहा मिनिटांत लाल ठिपका भिंतीभिंतीवर फिरवला आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये 340 फूट लिहिलेलं घर 305 भरलं. सौदा 31 चा, बँकेने धरले 27. टोकन देऊन बसलेलो, वरचे पैसे सासऱ्यांकडून आणले, अजून फेडतोय. बिल्डिंग जुनी असेल तर वर्षंही कमी देतात, आम्हाला 12 च मिळाली. टोकन देण्याआधी व्हॅल्युएशन करून घ्या, बँकेच्या पॅनेलवरच्या माणसाला फी देऊन आधी करता येतं.

सीए_नाही_पण_अनुभवी
टॅक्सचं ऐका. घर तुमच्या नावावर असेल तर भाडं आईला दिलं तरी उत्पन्न तुमचंच धरतात. 30 टक्के स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, व्याज वजा होतं, पण तोटा आला तर जुन्या रेजीममध्ये पगारातून वर्षाला 2 लाखांपर्यंतच वळता होतो, नवीनमध्ये वळताच होत नाही. घर आईच्या नावावर असेल तर उत्पन्न तिचं. तिला दुसरं काही नसेल तर टॅक्सच नाही. पण मग व्याजाचा फायदा तुम्हाला नाही.

जुना_गिरणगाव
आईच्या नावावर अजिबात घेऊ नका. भाऊ आहे का? असेल तर लिहून ठेवा, उद्या वाटा मागणार. आमच्याकडे आईच्या एका खोलीवरून चार भावंडं बोलत नाहीत. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

मुलुंडचा_पक्या
खरं सांगू का ताई, एवढा खटाटोप कशाला, आईला महिन्याला 9 हजार द्या ना सरळ. हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल.

कांजूरची_सिस्टर
पक्यादादा, देऊन बघितले. पाकीट उशीखाली ठेवलं, सहा महिन्यांनी माझ्या मुलाच्या वाढदिवसाला तेच पाकीट तशाच घडीत परत आलं. मुलीच्या घरचे घेत नाही म्हणते. भाडं घेईल, ते तिच्या घराचं असेल तर.

हप्तेवाला
मग तर हिशोबच बदलला. आईच्या नावावर घ्यायचं तर आई 65 च्या पुढे असणार, तिला होम लोन मिळणं कठीण. तुम्ही को-ओनर व्हा, लोन तुमच्या नावावर घ्या. राहतं घर मात्र अडकवू नका, टॉप-अप थकला तर डोक्यावरचं छप्पर जातं.

ठाकुर्ली_थर्ड_फ्लोअर
हो, राहतं घर नको.

अंबरनाथकर
+1 टॉप-अप नको.

कांजूरची_सिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर रोज ड्युटीवरून येताना वाचत होते. आम्ही टॉप-अपच घेतोय. राहतं घर तसंही बँकेकडेच आहे. 13 लाख, 10 वर्षं, 9 टक्क्यांनी हप्ता साडेसोळा हजार येतो. रेट फ्लोटिंग (बदलता) आहे, हातात जास्तीचे आले की मुद्दलात भरणार, दंड लागत नाही. डोंबिवली ईस्टला वन रूम किचन, दुसरा मजला, 24 लाख. ठाकुर्लीवाल्या दादांचं ऐकून व्हॅल्युएशन टोकनच्या आधी केलं, 22 आलं, मालकाला तो कागद दाखवला आणि 25 वरून 24 वर आले. स्टॅम्प, रजिस्ट्रेशन, ब्रोकर, सोसायटीची ट्रान्सफर फी 25 हजार धरून साडेसव्वीसच्या आत बसतंय, उरलेले 50 हजार घर रिकामं राहील त्यासाठी. सहा महिन्यांचे होतात.

घर आईच्या एकटीच्या नावावर. व्याजाचा फायदा जाईल, जाऊ दे. भावाला समोर बसवून सगळं सांगितलं, आई मृत्युपत्रही करतेय, ती आणि तो काय ठरवतील ते. परवा तिला घर दाखवायला नेलं. पायऱ्या चढायला वीस मिनिटं लागली. आत गेल्यावर पर्समधून शिवणाची टेप काढली आणि खिडकी मोजली, पडद्यासाठी. म्हटलं आई इथे भाडेकरू राहणार. तर म्हणे त्यांनाही पडदा लागेलच ना.

ठाकुर्ली_थर्ड_फ्लोअर
अभिनंदन ताई. भाडेकरू ठेवताना लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रजिस्टर करा, 11 महिन्यांचं असलं तरी, आणि पोलीस व्हेरिफिकेशन. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ती फी) जास्त लावली तर भांडा, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांवर लावता येत नाही.

फास्टलोकल_817
बदलापूरला याच पैशात वन बीएचके आला असता.

कांजूरची_सिस्टर
रजिस्ट्रेशनला आईला जिना चढवायला नको, खाली ग्राउंड फ्लोअरला असलेलं ऑफिस डोंबिवली-कल्याणकडे कुठलं आहे कोणी सांगेल का?