अंदमानला सहा रात्री, चौघं जण: बॅगेत नेमकं काय घ्यावं?

सागरगोटा

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) २ रात्री, हॅवलॉक बेट ३, नील बेट १. आम्ही दोघं, आई (वय ६४) आणि मुलगा (वय ८). विमानात माणशी १५ किलो आणि हातातली ७ किलोची बॅग. स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणं) सगळे करणार, स्कूबा (हवेची टाकी घेऊन खोल बुडी) फक्त मी. मला चष्मा आहे: उजवा -४, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) -१, डावा -३.५, सिलिंडर नाही. आई पोहण्याचा पोशाख घालणार नाही, पण पाण्यात उतरायची हौस आहे.

कपडे किती आणि कसले, पायात काय, मास्क विकत घ्यावा का, औषधं कोणती, आणि तिकडे आयत्या वेळी मिळणार नाही असं काय काय, हे सांगा. "हलके सुती कपडे घ्या" एवढं सगळीकडे वाचून झालंय.

दर्यावर्दी

तो सुती कपड्यांचा सल्ला गावात फिरण्यापुरता ठीक आहे, पाण्यात नाही. सुती टीशर्ट भिजला की जड होतो, अंगाला चिकटतो, आणि त्यात मीठ आणि वाळू अडकली की काखा आणि मांड्या सोलवटतात. पाण्यासाठी प्रत्येकी दोन जोड घ्या: लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टीशर्ट) आणि नायलॉन किंवा पॉलिस्टरची चड्डी किंवा लेगिंग. दोन यासाठी, की एक वाळत असताना दुसरा अंगावर हवा. आईंसाठी पॉलिस्टर-लायक्राची पूर्ण लेगिंग आणि वर गुडघ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा, अंगाबरोबरचा कुर्ता. ओढणी किनाऱ्यावरच ठेवायची, पाण्यात ती हातापायांत गुंतते. मुलाचा रॅशगार्ड भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळा आणि राखाडी रंग पाण्यात दिसेनासा होतो.

कोरडे कपडे माणशी तीन जोड पुरतात. जीन्स एकही नको.

आता वाळवण्याचं, कारण सगळ्यांचं गणित तिथेच चुकतं. समुद्रात भिजलेला कपडा नुसता पिळून टांगला तर रात्रभरानंतरही हाताला दमटच लागतो. धाग्यात राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच हे. म्हणून रोज संध्याकाळी गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली टांगा. त्यासाठी ५ मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे घरूनच न्या. नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस असतो, बाल्कनीतल्या उन्हावर विसंबू नका.

बॅग: चाकांची ट्रॉली शक्यतो टाळा. धक्क्यावर, बोटीच्या फळीवर आणि वाळूत ती उचलूनच न्यावी लागते, आणि चाकात वाळू गेली की ती फिरत नाहीत. पाठीवरची सॅक किंवा डफल बरी. आत सगळं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, कारण बोटीत सामान एकावर एक रचतात आणि खालच्या बॅगेला ओल लागते.

खारवारा

कपड्यांबद्दल वरच्याशी सहमत. मी उन्हाबद्दल लिहितो, कारण घड्याळ फसवतं.

अंदमानात वेळ भारतीय प्रमाणवेळच, पण बेटं आहेत पार पूर्वेला. त्या दिवसांत मुंबईत सूर्य साडेबाराच्या आसपास डोक्यावर येतो, तिथे अकराच्या सुमारासच. म्हणजे "सकाळचं कोवळं ऊन" म्हणून नऊला पाण्यात उतरलात तर सगळ्यात कडक उन्हातच पोहाल. शक्य तितकं साडेआठच्या आत उरका, किंवा दोननंतर जा. संध्याकाळ पाचच्या सुमारास होते आणि अंधार झपाट्याने पडतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहून परतताना टॉर्च हवाच. डोक्याला बांधायचा घ्या, हात मोकळे राहतात.

सनस्क्रीन किती, याचा हिशेब करा. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन वेळाही पुरत नाही. रॅशगार्ड आणि लेगिंग असेल तर चेहरा, कान, मान, हात, पावलं एवढंच उरतं. त्याला १० मिलीच्या आसपास. दिवसातून तीनदा, पाच दिवस: माणशी १५० मिली. तुम्हा चौघांना ६०० मिली धरा. एसपीएफ ५०, पाण्यात टिकणारं, झिंक ऑक्साइडचं. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेलं घेऊ नका. प्रवाळाला धोका म्हणून हवाईने १ जानेवारी २०२१ पासून या दोन्हींच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पाण्यात शिरण्याआधी १५-२० मिनिटं लावा, बाहेर आल्यावर पुसून पुन्हा लावा. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ वर असते, त्यामुळे गुडघ्यांमागची लवण आणि मानेचा मागचा भाग सगळ्यात जास्त भाजतो, आणि नेमकं तिथेच लावायचं राहतं.

काचबा

मास्क नक्की विकत घ्या, निदान तुमचा स्वतःचा. भाड्याच्या मास्कमध्ये तुमचा नंबर मिळण्याची खात्री नाही, आणि चष्मा आत बसत नाही: काडी सीलखाली (मास्कच्या मऊ कडेखाली) येते आणि पाणी शिरतं.

तयार नंबरी काचा सहसा अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात आणि सिलिंडरच्या नसतात. सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा: उजवीकडे -४ आणि -०.५ मिळून -४.५, डावीकडे -३.५. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे एवढी काच पुरते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात जाऊ नका. लेन्सखाली पाण्यातले जंतू अडकून डोळ्याला वाईट संसर्ग होऊ शकतो.

बसतो का, ते दुकानातच पाहा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर माप बरोबर. केसाची एक बट जरी खाली आली तरी गळतो. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर जागा साफ करा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट सील दुमडून वाढते.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे ती धुकटते. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटाने दोन मिनिटं चोळा, धुवा, आणि असं तीन-चारदा करा. तिकडे रोज उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवून हलकं विसळा.

सागरगोटा

खूप उपयोगी. दोन शंका: मुलाला आणि आईला पूर्ण चेहऱ्याचा मास्क सोपा पडेल का? आणि मोबाइलसाठी गळ्यात लटकवायची प्लास्टिकची पिशवी चालेल ना?

काचबा

पूर्ण चेहऱ्याचा नको, मुलाला तर मुळीच नको. आतली हवा नीट बदलली नाही तर सोडलेलाच श्वास परत घेतला जातो, आणि पाणी शिरलं तर नळी तोंडातून थुंकून देऊन मोकळं होता येत नाही, पट्टे सोडवावे लागतात. साधा मास्क आणि नळी घ्या, आणि जाण्याआधी तीन-चार दिवस घरी बादलीत तोंड बुडवून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. मुलासाठी लाइफ जॅकेट मापाचं, मांड्यांतून पट्टा असलेलं. घालून दोन्ही खांदे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे.

दर्यावर्दी

मोबाइलची पिशवी शिंतोड्यांपुरती ठीक, बुडवण्याआधी तपासा. आत टिश्यू पेपर भरून अर्धा तास बादलीत वजनाखाली बुडवून ठेवा, मग पेपर पाहा. क्लिपच्या फटीत वाळूचा एक कण राहिला तरी पाणी झिरपतं, म्हणून बंद करण्याआधी बोट फिरवून पुसायचं. पारदर्शक पिशवी उन्हात ठेवली की फोन तापून बंद पडतो.

बाकी सामानाला १० लिटरची गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग. तीन-चतुर्थांशच भरा, हवा दाबून काढा, तोंड किमान तीन वेळा गुंडाळा, मग बकल लावा. ठासून भरली की दोनच वेटोळे बसतात आणि तिथूनच पाणी जातं. कॅमेरा एसी खोलीतून बाहेर काढण्याआधी झिपच्या पिशवीत घाला आणि बाहेर आणल्यावर अर्धा तास तसाच ठेवा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं.

पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर आणि पाण्यात रबरी तळाचे अ‍ॅक्वा शूज. नीलला ओहोटीच्या वेळी मेलेल्या प्रवाळावरून चालावं लागतं, तिथे साधी चप्पल निसटते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी जास्त आत जातं. वेळा मात्र आपल्या कोकणच्या हिशेबाने काढू नका, तिथलं भरतीचं कोष्टक पाहा.

निर्गुडी

औषधांचा डबा. प्रवाळाने कापलं तर जखम लहान दिसते पण चिघळते, कारण आत बारीक कण राहतात. स्वच्छ गोड्या पाण्याची धार पाच मिनिटं, साबण, दिसतील ते कण चिमट्याने काढणं, मग पोव्हिडोन आयोडिन आणि जलरोधक पट्टी. त्यानंतर दोन दिवस समुद्र नको. गेल्या काही वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर घेऊन जा.

वाळूमाश्या सकाळ-संध्याकाळ पावलांना आणि पोटऱ्यांना चावतात आणि खाज आठवडाभर राहते. डास पळवण्याचं मलम लावा, त्यावर खोबरेल तेलाचा जाड थर, आणि उघड्या वाळूवर न बसता चटई पसरा. चावलंच तर कॅलामाइन लोशन आणि सेटिरिझिनची गोळी. खाजवल्याने पिकतं.

बोट लागत असेल तर अ‍ॅव्होमिन निघण्याआधी एक-दीड तास. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते. आईंचं आणि मुलाचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. ओआरएसची मोठी पाकिटं सहा. एक पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. पेल्यात अर्धं टाकून पिऊ नये, क्षार जास्त होतात. आईंची रोजची औषधं दोन बॅगांत विभागून, दोन दिवसांची जास्त.

खारवारा

राहिलेलं थोडक्यात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, मर्यादेत बसते. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हातात, बोटीच्या तिकिटालाही लागतं. नेटवर्क कधीही जातं, तेव्हा रोख ठेवा.

स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या दिवशीच करा. डायव्हनंतर विमानात बसण्याआधी १८ ते २४ तास जायला हवेत. शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. आणि परतीच्या बॅगेत प्रवाळाचा तुकडा किंवा किनाऱ्यावर वेचलेले शंख-शिंपले ठेवू नका. प्रवाळाला आणि शंखांच्या अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुलाचे खिसे निघायच्या सकाळी एकदा चाचपून घ्या.